प्रमोदचा क्रँक कुठून येतो

अमरावतीहून अकोल्याला जाणं हा काही प्रवास नाही, असं आमच्या सुधाकरचं मत आहे. सुधाकर म्हणजे माझा नवरा. शाळेत चित्रकला शिकवतो. प्रवास म्हटला की त्याला डोंगर, धुकं आणि टेकून बसायला एक कठडा लागतो. हिवाळ्यात चिखलदऱ्याला जायचं, तिथली कॉफी प्यायची आणि दरीची चित्रं काढायची, असं त्यानं ठरवून ठेवलं होतं. त्याऐवजी त्याला माझी जुनी व्हॅन चालवावी लागली, आणि मागे गोणपाटात होता एक तुटलेला क्रँकशाफ्ट.

ज्यांना इंजिनातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. त्या वर-खाली होण्याचं गोल फिरणं ज्या जड, वळणावळणाच्या लोखंडी दांड्यामुळे होतं, तो क्रँक. तो तुटला की बाकीचं इंजिन कितीही धड असलं तरी त्याचा उपयोग शून्य.

बडनेरा रोडला माझं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. सुरुवात मी फिटर लोकांना जेवणाचे डबे पोचवण्यापासून केली. डबा परत घ्यायला लवकर जायचे आणि उघडलेली इंजिनं बघत बसायचे. पुढे सुटे भाग विकले, मग वर्कशॉप टाकलं. प्रमोद माझा भागीदार होता. वेगळे झालो तेव्हा यंत्रं मी ठेवली आणि गिऱ्हाईकं तो घेऊन गेला. कशी नेली? गोड बोलून. मी भाव पाडते, आवाज चढवते. तो समोरच्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतो. अजूनही मला ताई म्हणतो. त्या ताई म्हणण्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

शेंदूरजनाघाट

वरुडच्या पुढे गेलं की हवाच बदलते. उत्तरेला सातपुडा, आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत संत्र्याच्या बागा. आम्ही गेलो तेव्हा आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं हिवाळ्यात निघणारं पीक, तोडणीला आला होता. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग, ढिगाभोवती निवडणाऱ्या बाया. सुधाकरनं लगेच गाडी थांबवून वही काढली. मी म्हटलं, "आधी शिव्या खाऊन येऊ, मग रंग पाहा."

शिव्या बाबारावजींकडे खायच्या होत्या. त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये मी नवा क्रँक बसवला होता आणि तो महिनाभरात तुटला होता. बाबारावजींची बाग मोठी. त्यांच्या फवारणीच्या यंत्रापासून विहिरीवरच्या पंपापर्यंत सगळं काम माझ्याकडे. शिवाय ते ज्याच्याकडे जातात त्याच्याकडे अर्धं गाव जातं. प्रमोदनं गिऱ्हाईकं नेली, त्यातून उरलेलं हे एक माझं.

ते बाजेवर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी आधी टोपलीभर संत्री पुढे सारली. हा तिथला रिवाज मला आवडतो. अमरावतीत भांडायचं असलं की आम्ही पाणीसुद्धा विचारत नाही. इथे माणूस तुम्हाला कामावरून काढत असतो आणि तुमच्या हातात सोललेली फोड देत असतो.

"घ्या ताई, गोड हाय," ते म्हणाले. "तुमचा क्रँक तं कडू निंगाला."

"बाबारावजी, ड्रायव्हरनं तेल पाहिलं नसंल."

"तेल मी सोता पाहातो. अन् माह्या साळ्याच्या ट्रॅक्टरमदी प्रमोदनं बसवला, तो काहून नाई तुटला? दोन हंगाम झाले, चालून राहिला ना."

"नशीब एकेकाचं."

"नशीब कायचं त्यात! तो दरवेळी सोता अकोल्याले जाते. मलेबी एकदा घेऊन गेलता. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं. कडुलिंबाखाली दुकान हाय. आढ्याले क्रँक टांगले रायतात, केळाच्या घडासारखे."

इतकी वर्षं प्रमोदचा क्रँक कुठून येतो हे मी शोधत होते. गुजरातेतून मागवतो, दक्षिणेतून मागवतो, काय काय ऐकलं होतं. आणि तो तासादोन तासांवरून आणत होता.

बाबारावजी मग सरळ बोलले. "माल झाडावर हाय. बागेतून सडकेवर आणाले ट्रॅक्टरच पायजे. या आठोड्यात चालू करून द्या. नाईतं मी प्रमोदले बलावतो. मंग फवारा, पंप, सारंच त्याच्याकडं. राग नका मानू."

राग मानू नका म्हणताना त्यांनी संत्र्यांची पिशवी भरून सुधाकरच्या हातात दिली.

मूर्तिजापूरकडे

मी आतापर्यंत क्रँक फोनवरून घेत होते. अकोल्याचाच एक व्यापारी, कासीमभाई. त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. मॉडेल सांगायचं, तो भाव सांगायचा, मी अर्ध्यावर यायचे, तो देवाची शपथ घ्यायचा, मी फोन ठेवायचे, तो परत लावायचा. माल ट्रान्सपोर्टनं येई. बिलावर कापूस बाजाराजवळच्या गोदामाचा पत्ता असे. क्रँक तुटल्यावर मी त्याला फोनवर असं झापलं की त्यानं फोन कट केला. तेव्हाच ठरवलं, या माणसाचं तोंड बघायचं नाही. आता दुसरा शोधायचा, आणि तोही प्रमोदचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याच्या पुढे लागलो. थंडी होती. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तुरीच्या शेंगा पिवळ्या पडत आलेल्या, कापसाची बोंडं फुटलेली आणि वेचणाऱ्या बायांची ओळ. सुधाकर म्हणत होता, बघ, पांढरा आणि काळा किती जवळ उभे आहेत. मी ट्रॅक्टर बघत होते. समोरून येणारा प्रत्येक ट्रॅक्टर धडधडत जायचा आणि मला वाटायचं, याच्यात प्रमोदचाच क्रँक असणार. बांधावर पंप चालू दिसला तरी तसंच. वऱ्हाडातली सगळी इंजिनं त्यानं बसवल्यासारखी ठणठणीत चालत होती.

मूर्तिजापूरजवळ गतिरोधक आला. सुधाकरचं लक्ष कापसात. गाडी उडाली, मागे क्रँक गोणपाटातून घरंगळला आणि थेट संत्र्यांच्या पिशवीवर बसला. गाडीभर रस झाला. गाडी कडेला घेऊन मी सुधाकरला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो शांतपणे समोरच्या टपरीवर गेला आणि दोन आलूबोंडे, वर झणझणीत रस्सा घेऊन आला.

"काहून इतकी तापून राहिली?" त्यानं विचारलं. "क्रँक तुटला म्हणून, का त्याचा नाई तुटला म्हणून?"

मी रस्सा प्यायले. रस्सा चांगला होता. आमच्या अमरावतीच्या गिला वड्याला दह्याचा मऊपणा असतो, इथे सरळ मिरचीशी गाठ.

अकोला

प्रमोद जिथून क्रँक नेतो त्या दुकानात जाण्याआधी मी औद्योगिक वसाहतीतलं एक नवं दुकान पाहायचं ठरवलं. वस्तू घेताना एकच दुकान पाहून घेणं माझ्या रक्तात नाही. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर क्रँकचे मोठे रंगीत फोटो. टाय लावलेला एक मुलगा मला मॅडम म्हणाला.

मी म्हटलं, "क्रँक दाखवा."

त्यानं पडद्यावर चित्र दाखवलं. गोल गोल फिरवून दाखवलं.

"चित्र नको, लोखंड दाखवा. पिनच्या कोपऱ्याची गोलाई मला बोट लावून बघायची आहे." क्रँक जिथे वळतो तिथला कोपरा गोल राखलेला नसेल, घासताना टोकदार झाला असेल, तर तो तिथूनच तुटतो. माझा तिथूनच तुटला होता.

"मॅडम, माल सील असतो. उघडला की परत घेत नाही. पण प्रमाणपत्र आहे ना."

"प्रमाणपत्र इंजिनात बसवू का?"

सुधाकरनं मला कोपराला धरून बाहेर आणलं. भाव कमी करायला तो मुलगा लगेच तयार होता, हे नोंदवून ठेवते. मी मागण्याच्या आधीच त्यानं कमी केला. जो मागण्याआधी भाव सोडतो, त्याला मालाबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, एवढं मी डब्यांच्या दिवसांपासून ओळखते.

दुपारी मोर्णेच्या अलीकडे गाडी लावली आणि पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. गल्ल्या अशा की समोरून हातगाडी आली तर कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. तुटक्या क्रँकचा लहान तुकडा सुधाकरच्या खांद्यावर. अमरावतीत पत्ता विचारला तर माणूस हात करून दाखवतो. अकोल्यात तो स्वतःचं काम सोडून बरोबर चालायला लागतो, आणि वाटेत तुमचं गाव, तुमचं दुखणं, तुमच्या खांद्यावर काय आहे हे सगळं काढून घेतो. आमच्याबरोबर एक चपला शिवणारे काका आले. क्रँक म्हटल्यावर म्हणाले, "मंग सरळ कडुलिंबाखाली चला. ठन्‌ ठन्‌ आवाज आयकू येईन."

खरंच आला. घंटेसारखा, लांबत जाणारा. कडुलिंब दिसला, खाली पत्र्याचं खोल दुकान, आढ्याला दोरानं टांगलेले क्रँक. एक शेतकरी लहान हातोडीनं एकेकावर टोला देत कान लावून ऐकत होता; धड क्रँक घंटेसारखा वाजतो, चिरलेला बोदा. आणि आतून कोणीतरी म्हणत होतं, "खुदा कसम, याच्या खाली परवडत नाई, भाऊ."

मी जागीच थांबले. ती शपथ मी वर्षानुवर्षं फोनवर ऐकत आले होते. पांढरी दाढी, डोक्यावर लोकरी टोपी, समोर चहाचा ग्लास. हाच तो कासीमभाई.

"सुधाकर," मी म्हटलं, "तो तुकडा दे इकडे."

तुकडा मी त्याच्या टेबलावर असा ठेवला की चहा सांडला. "ओळखलं का?"

त्यानं तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आवाज ओळखला," तो म्हणाला. "बसा, बाईसाहेब. या, सर, तुमीबी बसा. चहा सांगतो."

"चहा नको. प्रमोद इथूनच नेतो ना? त्याला चांगला आणि मला हा? माझ्या पैशाला काय वास येतो?"

शेतकऱ्यानं हातोडी थांबवली. बरोबर आलेले काका उंबऱ्यावर बसले. त्यांना जायची घाई दिसली नाही.

कासीमभाईनं तुकडा उचलून उजेडात धरला. "हा भरलेला हाय. झिजलेल्या पिनवर वेल्डिंग भरून परत घासलेला. हेच इंजिन जनरेटरवर बी बसते. एका जागी चालते तिथं भरलेला मस्त चालते. ट्रॅक्टरवर नाई टिकत."

"मला नवा म्हणून दिला!"

"तुमी इचारलं का कधी, नवा का भरलेला? कशावर बसवता? तुमी मॉडेल सांगता अन् भाव सांगता. पैल्या साली नवाच देला. मंग तुमी भाव खाली आनला. मंग आनखी खाली. नव्याच्या खाली गेला भाव, तं माल बी खाली आला."

"तोंड होतं ना तुला? नाही म्हणायचं!"

"म्हनलो होतो एकदा. तुमी चार दिवस फोनवर शिव्या देल्या."

उंबऱ्यावरचे काका हसले. मी त्यांच्याकडे पाहिल्यावर ते कडुलिंबाकडे बघायला लागले.

"न सांगता देणं ही लबाडी आहे, कासीमभाई. माझं गिऱ्हाईक चाललं."

त्यानं तुकडा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "हाव. सांगाले पायजे होतं. चुकलं." आणि चहावाल्याला हाक मारली. मी नको म्हटलेला चहा आला, आणि मी तो प्यायले.

"एक सांगू, बाईसाहेब? प्रमोद येते ना, याच खुर्चीवर बसते. आपल्या हातानं वाजवते, खडू लावते, एक रुपया कमी मांगत नाई. पन बसल्या बसल्या पैला सवाल एकच. ताईले काय भावात देला? मी सांगितलं की त्याचं तोंड उतरते. दोन दिवस जेवत नसंन. तुमी त्याच्या मालाले जळता, तो तुमच्या भावाले जळते."

हे ऐकून मला जे वाटलं ते चिखलदऱ्याच्या कॉफीनं वाटलं नसतं. मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

मग कामाला लागले. बाबारावजींच्या इंजिनाचे नवे क्रँक त्याच्याकडे दोनच होते. एक आढ्याला टांगलेला, दुसरा कोपऱ्यात तेलकट कागदात बांधलेला.

"तो कोणाचा?"

"प्रमोदचा. राखून ठेवला. उद्या तो येऊन नेईन."

"मला तोच पाहिजे."

"सारखेच हायेत, बाईसाहेब."

"सारखे असतील तर तो टांगलेला त्याला द्या."

सुधाकर म्हणाला, "अगं, बांधलेलाच काहून?" पण त्याला काय कळणार. राखून ठेवलेली वस्तू उघड्यावरच्या वस्तूपेक्षा चांगली असते, निदान दिसते तरी. कासीमभाईनं सुस्कारा सोडला आणि कागद सोडला.

दोन्ही क्रँक आम्ही रॉकेलनं धुतले, कोरडे पुसले आणि खडू फासला. खडू सुधाकरच्या खिशात निघाला, मास्तर माणूस. लोखंडात कुठे बारीक चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. टांगलेला क्रँक पांढराच राहिला. प्रमोदचा क्रँकही पांढरा दिसत होता. मग तेलाच्या भोकापासून एक केसाएवढी रेघ निघाली आणि कोपऱ्याकडे सरकत गेली.

शेतकरी वाकून बघायला लागला.

मी माझ्यापुरतं सांगते. मला आनंद झाला. प्रमोदचा क्रँक उद्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरात बसेल, ऐन तोडणीत तुटेल, आणि त्यालाही बाजेवर बसलेलं कोणी तरी म्हणेल की कडू निघाला. सगळं मला स्पष्ट दिसलं.

"पुसून टाका," मी म्हटलं. "बांधून ठेवा परत तसाच. मी टांगलेला घेते. तुम्ही पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही."

परतताना सुधाकरनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्या म्हाताऱ्याची परीक्षा घेत होते. त्यानं मान डोलावली. परीक्षा वगैरे काही नव्हती. मी खरंच म्हटलं होतं.

कासीमभाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं कोपऱ्यातलं घासायचं यंत्र उचललं, चालू केलं, आणि त्या नव्याकोऱ्या क्रँकच्या गुळगुळीत पिनवर आडवा खोल घाव घातला. ठिणग्या उडाल्या. आता तो कोणालाच विकता येणार नव्हता, भंगाराखेरीज.

"भरलेला इकतो मी," तो यंत्र खाली ठेवत म्हणाला. "फाटलेला नाई इकत. धावत्या ट्रॅक्टरमदी तुटला तं मानूस जाते. कारखान्याले परत करतो. त्यायनं बदलून देला तं ठीक, नाईतं माहं नुकसान."

मी अनेक व्यापारी पाहिले. नुकसान होणार असलं की प्रत्येकाचा हात जरा थांबतो. याचा थांबला नाही. त्या क्षणी मला पुरवठादार मिळाला. इतकी वर्षं तो माझाच होता, हे मला अजून पटत नाही.

तरी मी भाव केलाच. तो म्हणाला, भाव कमी होते, पन मंग माल बी. मी म्हटलं, ठीक, प्रमोद देतो तोच भाव. पण पुढचा प्रत्येक क्रँक पाठवण्याआधी फोनवर व्हिडिओ लावायचा, माझ्यासमोर टांगून वाजवायचा, खडू लावायचा. मालातल्या दोषानं तुटला तर बसवण्याची मजुरीही त्याची. यावर बराच वेळ घासाघीस झाली, खुदा कसम झाली, मी उठून दारापर्यंत गेले, त्यानं परत बोलावलं. उंबऱ्यावरचे काका म्हणाले, "आता जमलं." त्यांना तिथे कोणी विचारलं नव्हतं, पण जमलं होतं खरं.

पुन्हा शेंदूरजनाघाट

क्रँक बसवायला माझे फिटर दोन दिवस बागेत होते. मी स्वतः उभी राहिले, प्रत्येक बोल्ट घट्ट होताना पाहिला. ट्रॅक्टर चालू झाला तेव्हा बाबारावजींनी कानामागे हात धरून ऐकलं, मग ट्रॉली जोडायला सांगितली. संत्र्यांच्या क्रेटांनी भरलेली ट्रॉली बागेच्या चढावरून सडकेवर आली. त्यांनी पुन्हा परत पाठवली, पुन्हा भरून आणवली. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "बरं, ताई. पंपाचं बी पाहून घ्या. वरचं बेअरिंग आवाज करून राहिलं."

म्हणजे काम माझ्याकडेच राहिलं.

निघायच्या वेळी फोन वाजला. प्रमोद.

"ताई, कासीमभाईंनी सांगितलं. माह्या क्रँकमदली चीर तुमीच पाहिली म्हने. लय बरं झालं. मी सोता पाहिलाच असता, पन सांगता येत नाई. आभारी हाव."

किती गोड. कासीमभाईनं त्याला अर्धंच सांगितलं होतं, आणि उरलेलं अर्धं तो कधी सांगेल की नाही ते मला माहीत नाही. आभार ऐकून माझे कान तापले. वाटलं, एकदा तरी हा माणूस भांडला असता तर.

"नवा यायले आठ-दहा दिवस लागन म्हनते," तो पुढे म्हणाला. "गिऱ्हाईक थांबून राहिलं. असो. बाबारावजींचं झालं?"

"झालं. चालू आहे. ऐक." मी फोन ट्रॅक्टरकडे धरला.

"वा," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "ताई, एक इचारू? सहज. तुमाले काय भावात देला?"

मी सुधाकरकडे पाहिलं. तो गाडीत बसून सातपुड्याचं चित्र काढत होता.

मी प्रमोदला आकडा सांगितला. मी खरा दिला त्या भावापेक्षा बराच खालचा.

मग तो म्हणाला, "असं का. बरं. ठेवतो, ताई," आणि पहिल्यांदाच त्यानं घरच्यांची चौकशी न करता फोन ठेवला.

अमरावतीपर्यंत सुधाकरच्या गाडी चालवण्याला मी एकदाही नावं ठेवली नाहीत.